फाईल बंद झाल्यावर

आमच्या केंद्रात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या दोन खणांत चालू फाईली, खालच्या दोन खणांत बंद झालेल्या. कोर्टाचं निकालपत्र हातात आलं, पोटगीचा आकडा ठरला, भांडीकुंडी आणि दागिने मोजून परत मिळाले, की फाईलवर ‘बंद’ असा शिक्का मारायचा आणि ती खालच्या खणात सरकवायची, ही आमची जुनी पद्धत. वार्षिक अहवालात या फाईली ‘निकाली निघालेली प्रकरणं’ म्हणून मोजल्या जातात. मी स्वतः वीस वर्षं हे शिक्के मारले आहेत, आणि प्रत्येक वेळी काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात अशाच एका बंद फाईलच्या बाई केंद्रात आल्या. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. चोवीस वर्षांच्या संसारानंतर त्यांचा घटस्फोट झाला होता, त्यालाही दोन वर्षं उलटली होती. ओली छत्री दाराशी ठेवून त्या आत आल्या, पिशवीतून निकालपत्राची प्रत काढली आणि म्हणाल्या, “ताई, याची एक झेरॉक्स मिळेल का?” मी झेरॉक्स काढून दिली. त्या बाकावर बसून राहिल्या. समोर दोन नव्या केसेस ताटकळत होत्या, एकीच्या डोक्याला टाके होते. मी म्हटलं, “आज समुपदेशनाचा वार नाही हो, गुरुवारी या.” त्या “बरं” म्हणाल्या, छत्री उचलली आणि गेल्या. गुरुवारी काही आल्या नाहीत.

हा प्रसंग मी विसरून गेले होते. २०१९ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या सव्वीस वर्षांच्या लग्नाचं निकालपत्र हातात पडलं, तेव्हा तो आठवला. कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या मी इतक्या जणींबरोबर चढले-उतरले होते, की तिथला चहावाला मला ओळखतो. त्या दिवशी तो म्हणाला, “आज कुणाबरोबर आलात ताई?” माझ्याबरोबर कुणी नव्हतं. घरी आले, चपला काढल्या आणि कळेना की आता हे कुणाला सांगायचं असतं. वीस वर्षं या कामात असलेल्या बाईला कळेना!

म्हणून हा लेख. आपण बाईला घराच्या उंबरठ्यापासून कोर्टाच्या दारापर्यंत नेण्यात हुशार झालो आहोत, पण कोर्टाच्या दारातून ती पुढे कुठे जाते याचा विचार आपण आपल्या कामाचा भाग मानलेला नाही, असं माझं म्हणणं आहे. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे घटस्फोट घेणाऱ्या बाईच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. पंचविशीतल्या मुलीच्या पुढे नोकरी, शिक्षण, दुसरं लग्न असं काहीबाही उभं असतं, निदान लोक तरी ते तिच्यापुढे उभं करतात. पन्नाशीच्या बाईला लोक विचारतात, “आता या वयात कशाला?” आणि तिनं ते केलंच, तर पुढे काही विचारतच नाहीत.

घटस्फोटात काय जातं? नवरा जातो असं आपण धरून चालतो. तो तर बहुतेकींच्या बाबतीत आधीच गेलेला असतो. माझ्या अनुभवानं जातो तो गोतावळा. आपल्या समाजात लग्न झालेल्या बाईची जवळजवळ सगळी नाती नवऱ्याच्या अंगणातून जातात. जाऊ, नणंद, भाचे, पुतण्या, सोसायटीतल्या शेजारणी, त्याच्या मित्रांच्या बायका. यांच्यातल्या कित्येकींशी आपलं नवऱ्यापेक्षा बरं जमलेलं असतं. माझ्या धाकट्या जावेची दोन्ही बाळंतपणं मी काढली. तिच्या थोरलीला मी सायकल शिकवली. त्या थोरलीच्या लग्नाचे फोटो मी २०२१ साली दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिले. जावेचा काही दोष नाही. तिनं बोलावलं असतं तर मांडवात ‘ती’ आणि ‘ते’ समोरासमोर आले असते, सासूबाईंना चाललं नसतं, तिला घरात राहायचं आहे. ती मला मंडईत भेटली तर अजूनही हात धरते. पण हात धरताना इकडेतिकडे बघते.

आणि गौरी. मी नास्तिक आहे, हे या पानांच्या वाचक मैत्रिणींना ठाऊक आहेच. तरी सव्वीस वर्षं सासरच्या गौरी मी मांडल्या, सोळा भाज्यांची भाजी निवडली, पुरण शिजवलं, आणि रात्री ओट्यापाशी बसून आम्ही चारपाच बायका पायाला तेल लावत ज्या गप्पा मारायचो त्याला तोड नव्हती. गौरी सासरच्या. घटस्फोटानंतरच्या पहिल्या भाद्रपदात मी ऑफिसातून घरी आले आणि माझ्या लक्षात आलं, की आज मी ज्या घरी जाईन तिथे पाहुणी असेन. कर्मकांडातून सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण त्या कर्मकांडाच्या आडून जो बायकांचा सहवास मिळत होता त्याला पर्याय आपण काय उभा केला आहे, हा प्रश्न त्या रात्री मला पहिल्यांदा बोचला. हळदीकुंकवावर आपण टीका केली, ती योग्यच होती. ज्या बाईला तिथून वगळलं जातं तिला आपण म्हणालो, “बरं झालं सुटलीस.” तिला संध्याकाळी सहा वाजता जायला दुसरं ठिकाण मात्र आपण दिलं नाही.

नावाचं बघा. लग्नात माझं नुसतं आडनाव नाही, नावही बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं ते नाव मला मुळीच आवडलं नव्हतं. पण पुढे त्याच नावानं मी नोकरी केली, त्याच नावानं मोर्चात घोषणा दिल्या, लेख लिहिले. आता परत कुठल्या नावाकडे जाऊ? माहेरच्या नावानं हाक मारणारी आई गेली. माहेरचं आडनाव म्हणजे तरी वडिलांचंच, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही ठरवा, मग राजपत्रात जाहिरात देऊ.” मी तीन महिने ठरवत होते. शेवटी लग्नातलं नाव ठेवलं, कारण ते एव्हाना माझ्या कष्टानं माझं झालं होतं, मधे आईचं नाव घातलं आणि आडनाव गाळलं. आता प्रत्येक खिडकीवर विचारतात, “आडनाव?” महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव येईल. आनंद आहे. पण लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याचं नाव लावायची रीत त्या निर्णयानं तशीच ठेवली. त्यामुळे ज्या बाईचं लग्न मोडतं तिच्या हातात आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचा कागद आणि विजेचं बिल असे पाच कागद असतात आणि पाचांवर पाच बायका असतात. सहा-सात महिने ती या खिडकीवरून त्या खिडकीवर हेच सिद्ध करत फिरते, की या पाचही बायका मीच आहे. ‘नवी ओळख’ म्हणतात तिचा पहिला अर्थ हा असा, सरकारी.

डॉ. रखमाबाईंची आठवण येते. अजाणत्या वयात लावलेलं लग्न मान्य करून नांदायला जाणार नाही, तुरुंगात जाईन, असं त्यांनी ब्रिटिश कोर्टाला ठणकावून सांगितलं. १८८४ ते १८८८ तो खटला गाजला, दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. आणि १९०४ साली तो नवरा, ज्याच्या घरी त्या एक दिवस नांदल्या नाहीत, वारला, तेव्हा त्यांनी विधवेचा वेष घेतला. तरुणपणी मला या गोष्टीचा राग यायचा. आता राग येत नाही. चाळिशीत असलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली डॉक्टर बाई. तिला सुद्धा समाजात वावरायला कुठलं तरी ओळखीचं नाव लागलं. कुमारी नाही, सौभाग्यवती नाही, मग काय? घटस्फोटित हिंदू स्त्री असा प्रकार तेव्हा कायद्यात नव्हताच. त्यांनी असलेल्या चौकटींपैकी एक उचलली. आज कायद्यात प्रकार आहे, पण लग्नाच्या पत्रिकेवर ‘सौ.’ लिहायचं की ‘श्रीमती’ यावर लोकांचा पेन अजून अडतो, आणि पुष्कळदा अडलेला पेन पत्रिकाच पाठवत नाही.

माहेराविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे भावना आणि व्यवहार यांची अशी गाठ बसते की सोडवता येत नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझं लग्न १९९३ चं. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली. वडील २००८ साली वारले, तेव्हा त्यांच्या जमिनीत आणि घरात माझा भावाइतकाच हक्क होता आणि मला तो चांगला माहीत होता. मी शिबिरांतून बायकांना तेच शिकवत होते! तरी मी हक्कसोड पत्रावर सही केली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भावानं उसाचा रस पाजला, वहिनीनं साडी नेसवली, सातबाऱ्यावरून माझं नाव कमी झालं. का केली सही? कारण मला माहेर हवं होतं. जमीन मागितली तर माहेर तुटतं, हे कुणी बोलून दाखवत नाही आणि सगळ्यांना पाठ असतं. २०१९ नंतर मी दिवाळीत तिथे गेले. भाऊ प्रेमळ आहे. पण चौथ्या दिवशी वहिनीनं विचारलं, “ताई, परतीचं तिकीट काढलंय ना?” विचारण्यात वाईट काही नव्हतं. ज्या घराच्या कागदावर माझं नाव मी स्वतःच पुसलं, तिथे मी परतीच्या तिकिटाचीच माणूस.

सासरचं घर नवऱ्याच्या नावावर. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या वेळी बायकोला पोटगी मागता येते, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंची वाटणी मागता येते, पण पंचवीस वर्षांत दोघांच्या संसारातून उभ्या राहिलेल्या घरात निम्मा वाटा मिळत नाही. घराचे हप्ते त्याच्या पगारातून गेले आणि किराणा, फिया, औषधं माझ्या पगारातून, म्हणून घर त्याचं आणि माझ्याकडे पावत्यासुद्धा नाहीत. नवऱ्याच्या मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते येईपर्यंत तिची मुदत संपली आणि विधेयक बुडालं. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, संसाराची मिळकत दोघांची सामायिक धरली जाते आणि लग्न मोडलं तर निम्मी वाटली जाते. तिथेही प्रत्यक्षात बायकांना झगडावं लागतं, तो कायदा काही स्वर्ग नाही. पण तिथली बाई निम्म्यापासून भांडायला सुरुवात करते आणि आपली शून्यापासून, एवढा फरक आहेच. नात्यांवरच्या लेखात हे मिळकतीचं पुराण कशाला, असं कुणी म्हणेल. ज्या बाईला स्वतःचा दरवाजा नाही, तिच्या दारी कोण येणार?

आता ज्याविषयी आपण बैठकीत सहसा बोलत नाही, ते. पन्नाशीच्या बाईलाही सोबत हवीशी वाटते, स्पर्श हवासा वाटतो. मला वाटला. हे लिहिताना मला अवघड होतं आहे, आणि ते तसं व्हावं अशी व्यवस्था कायद्यातसुद्धा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीची तरतूद आहे. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे, की पोटगी घेणाऱ्यानं पुन्हा लग्न केलं, किंवा ती बाई असेल आणि ती ‘शीलवान’ राहिली नसेल, तर कोर्ट पोटगीचा हुकूम बदलू शकतं किंवा रद्द करू शकतं. पोटगी घेणाऱ्या पुरुषासाठीही तसंच एक वाक्य आहे, पण पोटगी घेणारे पुरुष किती? म्हणजे लग्न संपलं, तरी शीलाची राखण संपत नाही, आणि राखणदार तोच. आमच्या एका अशिलानं सांगितलं, की तिच्या घरी सहकारी चहाला आला तरी ती दार उघडं ठेवून बसते. शेजाऱ्यांसाठी नव्हे, पोटगीसाठी. दर महिन्याच्या साडेसहा हजारांसाठी बाई मैत्रीसुद्धा तोलून-मापून करते. यावर आपण आजवर एक साधं निवेदनही दिलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या लग्नाच्या मी विरोधात नाही. वधूवर मेळाव्यात मात्र एकदाच गेले. साठीचे तिघे भेटले, तिघांनीही पहिल्या पाच मिनिटांत पथ्याचं जेवण आणि गुडघे यांविषयी सांगितलं. त्यांना सोबत नको होती असं नाही, पण सोबत म्हणजे सेवा हेच त्यांना आयुष्यभर शिकवलं गेलं होतं. मी हसत परत आले. काही जणींना चांगली माणसं भेटतात, त्यांचं मनापासून अभिनंदन.

बाजारानंही या वयाची घटस्फोटित बाई अलीकडे हेरली आहे. केस कापा, सहलीला जा, स्वतःला भेटवस्तू द्या, आता ‘स्वतःसाठी’ जगा. मीही केस कापले, त्यात वाईट काही नाही. पण आरशासमोर उभं राहून ओळख सापडते, यावर माझा विश्वास नाही. आणि पोळ्या लाटून महिना नऊ हजार मिळवणाऱ्या बाईनं ‘स्वतःला भेटवस्तू’ कुठल्या दुकानातून द्यायची? माणसाला आपण कोण हे कळतं ते कुणीतरी आपली वाट बघतं तेव्हा, आपण आलो नाही तर कुणाचं तरी काम अडतं तेव्हा.

हे मला माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या बायकांनी शिकवलं. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. अॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी तिथे जे काम उभं केलं ते आपल्या चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे. गावात जिला ‘टाकलेली’ म्हणत, ती बाई तिथे व्यासपीठावर उभी राहिली. सांगली भागातही परित्यक्तांचं संघटन उभं राहिलं. त्या बायकांनी पोटगीबरोबर स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं, घरासाठी जागा मागितली. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की त्यांनी दुसऱ्यांनी हिणवायला वापरलेला शब्द लपवला नाही, तोच घेऊन त्या तहसील कचेरीवर गेल्या, आणि एकटीदुकटीनं नाही, जथ्यानं गेल्या. जाता-येता त्यांना एकमेकी मिळाल्या. याउलट शहरातली आमची पदवीधर घटस्फोटिता, हातात रीतसर निकालपत्र असून, नव्या शेजाऱ्यांना सांगते, “मिस्टर बाहेरगावी असतात.” मी स्वतः आठ महिने सांगत होते. गावात त्या बायकांचं सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणत नाही; भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत म्हाताऱ्या झालेल्या परित्यक्ता मी पाहिल्या आहेत.

आकडा म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती, आणि घटस्फोट न होता विभक्त राहणारी सुमारे पस्तीस लाख. दोन्हींत बायकांची संख्या पुरुषांहून बरीच जास्त. पुरुष पुन्हा लग्न करतो आणि मोजणीतून निघून जातो, बाई त्या रकान्यात राहते. म्हणजे आपण अपवादाविषयी बोलत नाही आहोत.

२०२१ साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मुलगा परगावी, तो फोनवर. बरोबर केंद्रातली मैत्रीण होती, तिनं लिहिलं, ‘मैत्रीण’. खिडकीतल्या माणसानं कागद परत केला. “रक्ताचं कुणी नाही का?” मैत्रिणीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ‘मैत्रीण’ खोडलं आणि ‘बहीण’ लिहिलं. ऑपरेशन झालं. त्या खोडलेल्या शब्दावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. आपण भगिनीभाव म्हणतो, गाण्यांतून म्हणतो, घोषणांतून म्हणतो. आणि एका साध्या फॉर्मवर मैत्रीण हे नातं चालत नाही.

बरी झाल्यावर मी केंद्राच्या बैठकीत प्रस्ताव मांडला, की निकालानंतरच्या बायकांचा एक गट असावा. विरोध झाला. “आपण चळवळ आहोत, भिशी मंडळ नाही.” “मारहाणीच्या केसेसना वेळ पुरत नाही, त्यात हे मध्यमवर्गीय एकटेपण कुठून आणलंस?” दुसरा मुद्दा मला लागला, कारण तो पूर्ण खोटा नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही रविवारी दुपारी जमायचो, आणि येणाऱ्या सगळ्या नोकरदार किंवा पेन्शनवाल्या होत्या. घरकाम करणाऱ्या दोघी एकेकदा आल्या आणि थांबल्या. विचारलं तर एकीनं स्पष्ट सांगितलं, “रविवारी सगळे साहेब लोक घरी, कामाचा डोंगर आमच्यावर. तुम्हाला सुट्टी म्हणजे सगळ्यांना सुट्टी का?” मग वार मंगळवार केला, वेळ दुपारी तीन. नोकरीवाल्या दोघी गळाल्या, घरकामवाल्या चौघी आल्या. सगळ्यांना सोयीचा वार अजून सापडलेला नाही.

तिथे आम्ही काय करतो? नवऱ्याची गोष्ट प्रत्येकीनं एकदाच सांगायची, हा एक नियम आपोआप पडला, कारण दुसऱ्या वेळी ऐकणारीला पुढचं पाठ असतं. बाकी किरकोळ कामं असतात. आज कुणाच्या बँकेत वारस बदलायचा आहे, कुणाला ‘लाडकी बहीण’चा फॉर्म अडला आहे, तिथे घटस्फोटित आणि परित्यक्ता दोघींचा उल्लेख असूनही कागद मात्र नवऱ्याच्या गावचा मागतात. मृत्युपत्रं केली, नऊ जणींनी. घराच्या जादा किल्ल्या एकमेकींकडे ठेवल्या. एक पोळ्या लाटणारी आणि एक निवृत्त शिक्षिका यांच्याकडे एकमेकींच्या किल्ल्या आहेत, आणि शिक्षिका पडली तेव्हा दार उघडणारी तीच होती. दवाखान्यात कुणाबरोबर कुणी जायचं याचा तक्ता भिंतीवर आहे. गेल्या भाद्रपदात सगळ्यांनी मिळून सोळा भाज्यांची भाजी केली. गौरी नव्हत्या. यावरूनही केंद्रात थोडं वाजलं, ‘नास्तिकांची गौर’ म्हणून. वाजू दे.

भांडणंही होतात. उसने दिलेले दोन हजार परत न आल्यानं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, दोन्ही मला फोन करतात. ज्याला नातं म्हणतात ते असंच असतं.

माझी आपल्या संघटनेकडे मागणी नेमकी आहे. ‘बंद’ हा शिक्का काढून टाकावा. निकालानंतर किमान तीन वर्षं केंद्रानं त्या बाईला धरून राहावं, सल्ल्यासाठी नव्हे, यायला-जायला, आणि याचा वेळ व पैसा वार्षिक अंदाजपत्रकात धरावा, कुणा एकीच्या उत्साहावर टाकू नये. कलम २५ मधल्या शीलाच्या अटीविरुद्ध आणि संसारातल्या मिळकतीच्या निम्म्या वाट्यासाठी आपण पुन्हा मोहीम घ्यावी. तो विषय २०१४ नंतर आपण जणू सोडूनच दिला. आणि दवाखान्यांच्या रकान्यात रुग्णानं स्वतः नेमलेली व्यक्ती चालावी यासाठी शहरापुरता तरी पाठपुरावा सुरू करावा.

पावसाळ्यातल्या त्या बाईंची फाईल मी खालच्या खणातून शोधून काढली. फोन नंबर बदललेला होता, पत्ता भाड्याच्या खोलीचा. घरमालकिणीनं दुसरा पत्ता दिला, तिथे चिठ्ठी ठेवून आले. तीन मंगळवार गेले. चौथ्या मंगळवारी त्या आल्या, केस पांढरे झालेले, एका पाळणाघरात काम करतात. मी त्या दिवसाची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी मी खरंच झेरॉक्ससाठी आले होते. पण बसा म्हणाला असता, तर बसले असते.” मग त्यांनी विचारलं, चहाची पातेली कुठली, आणि आत गेल्या.

शिक्क्याचा प्रस्ताव येत्या वार्षिक सभेत चर्चेला येणार आहे. विरोधात असलेल्या मैत्रिणींनी पुढच्या अंकात जरूर लिहावं.